‘मी बरी आहे, तू काळजी करू नकोस’



येत्या ११ फेब्रुवारीला आपण लूर्ड्स मातेचा सण साजरा करणार आहोत. त्याच दिवशी अखिल ख्रिस्तसभा ‘जागतिक रुग्ण दिन’ पाळते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली या दिनाची घोषणा केली आणि १९९३ पासून तो पाळला जाऊ लागला. दरवर्षी या निमित्ताने आपण धर्मग्रामातील रुग्णांसाठी प्रार्थना करतो, त्यांना पवित्र तैलाभ्यंग देतो. यंदा मात्र रुग्णांबरोबरच आणखी एका गटाचा विचार करावा असे आम्हाला वाटते. आपले वृद्ध आई-वडील इथे आजाराशी झुंजत असताना जे दूर आहेत, मस्कत, दोहा, टोरांटो, मेलबर्न येथे किंवा जहाजावर नोकरी करीत आहेत, त्या आपल्या मुला-मुलींचा.

आजार अनेक आहेत. पण घरात ‘कॅन्सर’ हा शब्द आला की घराचा सूर बदलतो. हा आजार एका दिवसाचा नसतो. तपासण्या, शस्त्रक्रिया, केमोथेरपी, रेडिएशन, पुन्हा तपासण्या असा महिनोन् महिने चालणारा हा प्रवास असतो. इतके महिने रजा कोण देणार? म्हणून मुलगा येतो, पंधरा दिवस राहतो आणि डोळे पुसत विमानात बसतो. पुढचा प्रवास फोनवरून सुरू होतो.

आम्ही स्वतः या प्रवासातून गेलो आहोत. तेव्हा केलेली एक चूक आज तुमच्यापुढे कबूल करावीशी वाटते.

सण आणि ताप

२०११ साली आमच्या आईला स्तनाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. तेव्हा ती ६८ वर्षांची होती. आम्ही त्या वेळी जव्हार-मोखाड्याच्या बाजूला मिशन केंद्रात सेवा करीत होतो. घर फार तर शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. परदेशी असलेल्या तुमच्या मुलांच्या मानाने हे अंतर काहीच नाही. पण एस.टी. दोनच, मोबाईलला रेंज फक्त टेकडीवर आणि मनात एकच ठाम विचार: आम्ही देवाचे काम करीत आहोत, आईची काळजी देव घेईल.

ताई त्याच गावात दिली होती. आईचा सगळा भार तिच्यावर पडला. दर २१ दिवसांनी केमो. पहाटे उठून वसई रोडवरून लोकल पकडायची, अपंग व कर्करुग्णांच्या राखीव डब्यात आईला कशीबशी चढवायची, दादरला उतरून परळला जायचे, रांगेत नंबर लावायचा आणि रात्री त्याच गर्दीतून परत यायचे. ताई शाळेत शिक्षिका होती. तिच्या रजा पहिल्या दोन महिन्यांतच संपल्या. पुढच्या बिनपगारी. हे तिने आम्हाला सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

आम्ही आठवड्यातून दोनदा टेकडीवर जाऊन फोन करीत होतो. आई एकच वाक्य बोलायची, “मी बरी आहे, तू काळजी करू नकोस.” मग आम्ही तिला धीर देत असू. प्रभू येशूच्या दुःखसहनात आपले दुःख मिसळ, जपमाळ चुकवू नकोस, असे बरेच काही सांगत असू. ती शांतपणे ऐकायची आणि शेवटी विचारायची, “तू जेवलास का?”

८ सप्टेंबर हा पवित्र मरियेच्या जन्माचा सण. आमच्या मिशन केंद्रात तो मोठा असे. आदल्या संध्याकाळी आम्ही फोन केला, तेव्हा आईच्या तिसऱ्या केमोला दहा दिवस झाले होते. आवाज बारीक वाटला. ती म्हणाली, “थोडं थकल्यासारखं वाटतंय. तू सणाचं बघ.” आम्ही सणाचे पाहिले. मिरवणूक झाली, मिस्सा झाली, जेवणे झाली. आईला दुपारपासून १०२ ताप होता, हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळले. सणात विघ्न नको म्हणून तिने ताईलाही सांगितले नव्हते. घरातली तापाची गोळी घेऊन ती पांघरूण ओढून पडली होती. मध्यरात्री ताई सहज डोकावली म्हणून आई वाचली. रिक्षाने इस्पितळ, सलाईन, प्रतिजैविके, पाच दिवस मुक्काम. रक्तातल्या पांढऱ्या पेशी अगदी खाली गेल्या होत्या. सकाळपर्यंत थांबला असता तर उशीर झाला असता, असे डॉक्टर म्हणाले.

आम्ही धावत इस्पितळात पोहोचलो. आईच्या उशाशी उभे राहून आम्ही प्रार्थना सुरू केली. ताई बाहेर गेली. नंतर जिन्यात गाठून तिने आम्हाला जे ऐकवले, ते आजही कानात आहे. ती म्हणाली, “तू फोनवर प्रार्थना सांगतोस, मी उलटीची बादली धुते. कधी तरी मला विचार, मी कशी आहे.”

बंधू-भगिनींनो, सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञानाची पदवी घेतली होती. त्या जिन्यात आमच्यापाशी एकही उत्तर नव्हते.

कुर्बान

त्या रात्री मार्कच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय आठवला. येशूच्या काळात एक पळवाट होती. जे धन आई-वडिलांच्या उपयोगी पडायचे, ते मुलगा ‘कुर्बान’ म्हणजे देवाला वाहिलेले असे जाहीर करी आणि मग म्हाताऱ्यांची जबाबदारी झटकून मोकळा होई. धर्माच्या नावाने चौथी आज्ञा मोडली जात होती, आणि प्रभूने त्यावर कडक शब्दांत कोरडे ओढले.

हे वचन आम्ही कितीतरी वेळा लोकांना समजावले होते. आपल्यालाच ते लागू पडते, हे मात्र ध्यानात आले नव्हते. आम्ही आमचा वेळ कुर्बान केला होता. तुमच्यापैकी कोणी नोकरीचा, कोणी हप्त्यांचा, कोणी मुलांच्या शिक्षणाचा कुर्बान करतो. ही कारणे खोटी नसतात. नोकरी गेली तर औषधांचे पैसे कुठून येणार? म्हणून प्रभू आपल्याला नोकरी सोडून या असे सांगत नाही. कारणाच्या आड लपू नका, एवढेच तो सांगतो.

आमच्याबरोबर एक वयस्कर फादर होते. आम्ही परतल्यावर त्यांनी उपदेश केला नाही. जीपची किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “केमोच्या आदल्या दिवशी निघायचं, दुसऱ्या दिवशी परत यायचं. इथलं मी बघतो.” पुढच्या तिन्ही केमोंना आम्हीच आईबरोबर परळला गेलो. ताई त्या दिवशी झोपत असे. रोज संध्याकाळी आठ वाजता टेकडीवर जाऊन फोन करायचे ठरवले. ताईशी आधी, आईशी नंतर. आईला तीनच प्रश्न: ताप किती, खाल्लेस किती, झोप किती? ‘बरी आहे’ हे उत्तर बाद.

अंमलदाराने विचारलेली वेळ

योहानच्या शुभवर्तमानात, चौथ्या अध्यायात, एका दरबारी अंमलदाराची गोष्ट आहे. त्याचा मुलगा कफर्णहूमात तापाने मरणाच्या दारी आहे. बाप त्याच्या अंथरुणाजवळून उठतो आणि येशूला भेटायला सुमारे २५-३० किलोमीटर चालत कानाला जातो. आपल्या घरी चला, अशी तो विनवणी करतो. येशू त्याच्याबरोबर जात नाही. तुझा मुलगा जगणार, एवढा शब्द देतो. बाप त्या शब्दावर विश्वास ठेवून परत निघतो.

अंथरुणापासून दूर असलेल्या प्रत्येकाने ही गोष्ट हृदयाशी धरावी. या बापाचे प्रेम दूर जाण्यामुळे उणे झाले नाही. तो दूर गेला तो मुलासाठीच. आखातातल्या उन्हात कष्ट करून औषधांचे पैसे धाडणारा मुलगाही तसाच दूर गेलेला असतो. प्रभूची कृपाही अंतर मोजत नाही. कानात दिलेला शब्द कफर्णहूमात फळाला येतो.

पण या गोष्टीचा शेवट आपण घाईने वाचतो. वाटेत दास भेटून मुलगा वाचल्याचे सांगतात, तेव्हा हा बाप लगेच जल्लोष करीत नाही. उतार नेमका कोणत्या वेळी पडला, हे तो विचारतो. दास सांगतात, काल सातव्या ताशी ताप गेला. पाहा, ज्याने येशूच्या एका शब्दावर विश्वास ठेवला, तोच ताप उतरल्याची वेळ विचारतो! श्रद्धावंत माणूस चौकशी सोडत नाही. आम्ही मात्र श्रद्धेच्या नावाखाली थर्मामीटर विसरलो होतो.

दूरच्या मुलांनी काय करावे?

मुलांना पत्र लिहिताना, फोन करताना या गोष्टी जरूर सांगा.

पहिली गोष्ट तापाची. केमो चालू असताना १००.४ किंवा त्याहून अधिक ताप म्हणजे ताबडतोब डॉक्टरांना फोन आणि इस्पितळ. सकाळची वाट पाहायची नाही, घरची गोळी देऊन ताप दडपायचा नाही. केमोनंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात, म्हणून त्या दिवसांत दूरच्या मुलाने रोज विचारलेच पाहिजे. रात्री दोन वाजता गाडी कोण काढील, घरात रोख पैसे कुठे आहेत, फाईल कोणत्या कपाटात आहे, हे आधीच ठरवून ठेवावे. टोरांटोत बसलेला मुलगाही हे ठरवू शकतो. शेजारच्या दोन घरी फोन करायला किती वेळ लागतो?

दुसरी गोष्ट जवळ असणाऱ्यांची. कुणाच्या घरी बहीण, कुणाच्या घरी सून, तर कुणाच्या घरी स्वतःच थकलेला म्हातारा जोडीदार आजाऱ्याचे करीत असतो. फोन केल्यावर आधी त्यांची विचारपूस करा. पैसे पाठवताना दोन दिवस त्यांच्या जागी बसायला माणूस मिळेल, एवढेही पाठवा. आणि आठ दिवसांच्या रजेवर आलात की डॉक्टरांशी भांडू नका, पथ्य बदलू नका, ‘इतके दिवस तुम्ही काय केलंत?’ असे विचारू नका. आपल्या मनातली टोचणी बहिणीच्या किंवा वहिनीच्या माथी मारणे हा अन्याय आहे.

तिसरी गोष्ट कागदांची. हे काम लांबून उत्तम होते. सगळे अहवाल क्रमाने लावून त्यांचे फोटो एका ठिकाणी ठेवणे, विम्याचे अर्ज भरणे, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून देणे हे मुलांनी अंगावर घ्यावे. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षे व त्यापुढील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळते. आपल्या राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही कर्करोगाचे उपचार आहेत. कोणत्या इस्पितळात कोणती योजना लागू आहे, ते आधी विचारून घ्यावे.

चौथी गोष्ट मोबाईलवर येणाऱ्या ‘रामबाण’ उपायांची. दूर असलेल्याला काहीतरी करावेसे वाटते, म्हणून तो असे निरोप पुढे पाठवत राहतो. कुठला तरी काढा, कुठली तरी मुळी. केमो चालू असताना अशा औषधांनी यकृताला इजा होऊ शकते. डॉक्टरांना न विचारता काहीही देऊ नये.

पाचवी गोष्ट वेदनेची. दुःख प्रभूला अर्पण करावे हे खरे, पण वेदना सोसत राहणे म्हणजेच पुण्य, असे ख्रिस्तसभा शिकवत नाही. वेदना कमी करणारी औषधे घेण्यात पाप नाही. वेदनाशामक उपचार केवळ शेवटच्या घटकेसाठी नसतात, ते आजाराच्या सुरुवातीपासून मागता येतात. त्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

प्रेमापोटीचे खोटे

दूरच्या नात्याला सर्वांत मोठी कीड लागते ती प्रेमापोटीच्या खोट्याची. आई म्हणते, मी बरी आहे. मुलगा म्हणतो, माझंही इथे छान चाललंय. दोघेही फोन ठेवून रडतात. कधी उलटही होते. मुले आईला आजाराचे नावच सांगत नाहीत, ‘गाठ आहे, काढली’ एवढेच सांगतात. ती माऊली वॉर्डातल्या फलकावरून सगळे ओळखते, पण मुलांना वाईट वाटेल म्हणून न कळल्याचे सोंग करते. मग ती मृत्यूविषयी, मनातल्या भीतीविषयी, राहून गेलेल्या समेटाविषयी कोणाशी बोलणार? ज्याचा आजार, त्याला तो हळुवारपणे कळायला हवा. रुग्णाला पापनिवेदनाची, मन मोकळे करण्याची, निरोप घेण्याची संधी मिळाली पाहिजे.

संत पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रात एपफ्रदीताचा उल्लेख येतो. तो घरापासून दूर असताना मरणाला टेकला होता. त्याला स्वतःच्या आजारापेक्षा आपल्या माणसांना तो कळल्याचे दुःख अधिक झाले होते. आपले म्हातारे थेट असेच असतात! पण पौल ती गोष्ट दडवत नाही. तो किती आजारी होता हे स्पष्ट लिहितो आणि त्याला घरी पाठवतो. आमच्या वडीलधाऱ्यांना आम्ही हात जोडून सांगतो: मुलांपासून ताप लपवू नका. तुमची काळजी करण्याचा मान त्यांच्याकडून काढून घेऊ नका.

हजर असणे म्हणजे काय?

गाब्रिएल मार्सेल नावाचे एक फ्रेंच कॅथलिक तत्त्वज्ञ होऊन गेले (१८८९-१९७३). पहिल्या महायुद्धात ते रेडक्रॉसच्या कचेरीत बेपत्ता सैनिकांचा शोध घेण्याचे काम करीत. प्रत्येक सैनिकाचे एक कार्ड. पण त्याची चौकशी करायला आई, बायको येत, तेव्हा ते कार्ड राहत नसे, एक हरवलेला माणूस होऊन समोर उभे राहत असे. या अनुभवातून त्यांनी पुढे ‘हजेरी’विषयी खोल चिंतन केले. एकाच खोलीत बसलेला माणूस आपल्यासाठी गैरहजर असू शकतो आणि कोसो दूर असलेला हजर असू शकतो, असा त्याचा मथितार्थ आहे. हजेरी म्हणजे दुसऱ्यासाठी मोकळे असणे.

रोज रात्री ठरलेल्या वेळी येणारा फोन ही हजेरी आहे. व्हिडिओ कॉल लावून काहीही न बोलता आईबरोबर जपमाळेचे पाच दशक म्हणणे ही हजेरी आहे. केस गेलेल्या आईला ‘डोक्याला रुमाल बांध’ असे न सांगता तिच्याकडे पाहून हसणे ही हजेरी आहे. आम्ही फोनवर मोठमोठी प्रवचने देत होतो, तेव्हा गैरहजर होतो.

क्रुसावर असलेल्या प्रभूकडे पाहा. तो आईला सोडून जाणार होता. त्या वेदनेतही त्याने तिची सोय लावली, जवळ उभ्या असलेल्या शिष्याच्या हाती तिला सोपवले आणि शिष्याने तिला आपल्या घरी नेले. जो जवळ राहू शकत नाही, त्याने जवळच्याला विनंती करणे, हेही प्रेमच. आणि जो जवळ आहे, त्याने ‘ही माझी आई नाही’ असे म्हणू नये. मुले परदेशी असलेल्या प्रत्येक घराशेजारी एक योहान राहतो. तो आपणच आहोत.

ज्यांना वेळेवर पोहोचता आले नाही, त्यांनाही दोन शब्द. २०२० साली विमाने बंद झाली, तेव्हा अनेकांनी आई-वडिलांची अंत्यविधीची मिस्सा मोबाईलच्या पडद्यावर पाहिली. त्यांच्या मनात अजून काटा आहे. आमच्यापाशी येऊन ते बोलतात. त्यांना आम्ही सांगतो, तुम्ही ज्या अंतरापुढे हरलात, त्या अंतरापुढे प्रभू हरत नाही. तुमची न पोहोचलेली माया त्याच्यापाशी पोहोचली आहे.

आमची आई उपचारांनंतर आणखी साडेचार वर्षे जगली. शेवटच्या महिन्यात एकदा आम्ही फोनवर विचारले, “कशी आहेस?” ती म्हणाली, “आज बरी नाही. ये.” पाच वर्षांत पहिल्यांदा तिने आम्हाला बोलावले. आम्ही गेलो. त्या दोन शब्दांसाठी आम्ही आजही देवाचे आभार मानतो.

आपल्या धर्मग्रामासाठी

११ फेब्रुवारी रोजी संध्याकाळी चार वाजता रुग्णांसाठी मिस्सा होईल व पवित्र तैलाभ्यंग दिला जाईल. हा संस्कार केवळ मरणासन्नांसाठी नाही. संत याकोबाने आपल्या पत्रात सांगितल्याप्रमाणे तो आजारी माणसाला बळ देण्यासाठी आहे. ज्यांचे मोठे उपचार सुरू होणार आहेत, त्यांनी तो आवर्जून घ्यावा. ज्यांना येता येत नाही, त्यांच्या घरी आम्ही येऊ. ज्यांची मुले दूर आहेत अशा रुग्णांची नावे आणि मुलांचे फोन नंबर आपापल्या समूहप्रमुखांकडे द्यावेत. रात्री-अपरात्री गाडी काढू शकतील आणि केमोच्या दिवशी सोबत जाऊ शकतील अशा तरुणांनीही नावे द्यावीत.

आपण प्रार्थना करू या:

हे दयाघन प्रभो, आमचे आई-वडील तुझ्या हाती आहेत. त्यांना उपचार सोसण्याचे बळ दे आणि खरे सांगण्याचा धीर दे. दूर असलेल्या मुलांना रोज आठवण दे, जवळ असलेल्यांना विसावा दे. शेजाऱ्यांची दारे रात्रीही उघडी ठेव. हे लूर्ड्सच्या माते, आमच्यासाठी विनंती कर. आमेन.

आपला ख्रिस्तसेवक,
प्रमुख धर्मगुरू